पंढरी कोणाची?

पंढरपूरच्या श्रीविठ्ठलमंदिरात अक्षरांनी भरलेली एक शिळा आहे. तिला लोक चौऱ्यांशीचा लेख म्हणतात. तिच्यावर पाठ घासली असता चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, या श्रद्धेने कित्येक पिढ्यांच्या यात्रेकरूंनी तिला पाठ लावली, आणि ज्या लेखात या देवालयाच्या जीर्णोद्धाराचा समकालीन पुरावा साठविलेला आहे, त्याच लेखातील अनेक अक्षरे त्या स्पर्शाने झिजून गेली. त्या शिळेवर काय कोरले आहे हे पाठ घासणाऱ्याला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याची त्याला गरजही वाटली नव्हती. तथापि पंढरपूरविषयी जो प्रश्न गेली आठशे वर्षे निरनिराळ्या भाषांत, निरनिराळ्या दरबारांत आणि अखेरीस न्यायालयांत विचारला गेला, त्याचे उत्तर त्या शिळेवरच आहे, असे मला वाटते. पंढरी कोणाची, हा तो प्रश्न होय. कानडी मुलुखाची की मराठी, शैवांची की वैष्णवांची, राजांची की सेवाधाऱ्यांची, की आषाढात पायी येऊन द्वादशीला परतणाऱ्या वारकऱ्याची? या प्रश्नाच्या अनुषंगाने क्षेत्राच्या इतिहासाचा आणि तेथील स्थळांचा आढावा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभ नावापासून करावा. सोलापूर जिल्ह्यात भीमेच्या उजव्या तीरावर, जेथे नदी चंद्रकोरीसारखे वळण घेते आणि त्यामुळे चंद्रभागा या नावाने पूजिली जाते, तेथे हे गाव वसले आहे. इसवी सनाच्या सहाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या राष्ट्रकूट अविधेयाच्या ताम्रपटात पांडरंगपल्ली हे ग्रामनाम येते. कानडी लेखांत पंडरगे असे रूप आढळते. पुढे पौंडरीकक्षेत्र, पांडुरंगपूर, फागनिपूर अशी नावे दिसतात. आणि या साऱ्यांतून मराठी मुखात पंढरी आणि पंढरपूर ही रूपे स्थिर झाली. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हेमचंद्राच्या देशी शब्दांच्या कोशात पांडरंग हे रुद्राचे नाव म्हणून नोंदलेले आहे, आणि कापरासारखा गौर अंगाचा देव शिवच असावयाचा. तरी ते नाव आज सावळ्या विठ्ठलाला लाभले आहे. या क्षेत्री एका दैवताने दुसऱ्याला हुसकावून लावल्याची खूण सापडत नाही, एकाने दुसऱ्याचे नाव धारण केल्याची मात्र सापडते.

देवालयाचा लेखी इतिहास बाराव्या शतकाच्या अखेरीस सुरू होतो. इ. स. ११८९ च्या लेखात यादव पाचव्या भिल्लमाच्या कारकीर्दीत येथे विठ्ठलाचे लहानसे देऊळ उभे राहिल्याचा निर्देश आहे. त्यानंतर अर्धशतकाच्या आत, १२३७ साली, होयसळ नृपती सोमेश्वर याचा संस्कृत-कानडी लेख येतो आणि भीमरथीच्या तीरावरील पंडरगे या महाग्रामातील विठ्ठलाला दिलेल्या दानाची नोंद करतो. १२४९ चा, बेळगाव भागात सापडलेला यादव कृष्णाच्या काळचा ताम्रपट पौंडरीकक्षेत्री विष्णूच्या सन्निध केलेल्या दानाविषयी बोलतो. १२७० चा लेख केशवाचा पुत्र भानु याने पांडुरंगपुरात आप्तोर्याम यज्ञ केल्याचे सांगतो. म्हणजे अवघ्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या अवधीत देवगिरीचा यादव आणि द्वारसमुद्राचा होयसळ, रणांगणावर परस्परांचे वैरी असलेले दोन राजवंश, एकाच देवाच्या दारी दाते म्हणून उभे दिसतात. पंढरपूर त्या वेळी दोन राज्यांच्या आणि दोन भाषांच्या सीमेवर होते, आणि सीमेवरचे गाव जसे दोन्ही बाजूंनी लुटले जाऊ शकते, तसेच ते दोन्ही बाजूंनी पूजिलेही जाऊ शकते.

यानंतर येतो तो चौऱ्यांशीचा लेख. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळात टप्प्याटप्प्याने कोरलेल्या या लेखात रामचंद्रदेव यादवाचे नाव आहे, त्याचा करणाधिप, म्हणजे दप्तराचा मुख्य, हेमाद्री याचे नाव आहे. पण त्याहूनही मोठी जागा व्यापली आहे ती दात्यांच्या यादीने. निरनिराळ्या ठिकाणच्या भक्तजनांनी देवळाच्या कामासाठी काय दिले, याची ही दगडावरची जमाखर्चाची वही होय. रामचंद्रदेवाचा उल्लेख त्यात पंढरीच्या फडाचा प्रमुख या अर्थाच्या विशेषणाने येतो, असे अभ्यासकांचे वाचन आहे. फड हा शब्द वारकऱ्यांत आजही जिवंत आहे; परंपरेने एका गुरुघराण्याभोवती जमलेल्या आणि आपल्या दिंड्यांसह चालणाऱ्या समुदायाला फड म्हणतात. हे वाचन ग्राह्य धरले, तर सार्वभौम राजा या लेखात देवळाचा धनी म्हणून अवतरत नाही. वर्गणीदारांचा म्होरक्या म्हणून अवतरतो, आणि त्याच्या नावाखाली सामान्यांची नावे त्याच टाकीने, त्याच दगडावर कोरली जातात. ज्ञानेश्वरीची रचना १२९० ची. म्हणजे तिच्या आधी सुमारे दीड तपावर पंढरीचे देऊळ लोकवर्गणीतून वाढत होते, असे यावरून दिसते.

देवाच्या मूळ स्वरूपाचा विचार अनेक विद्वानांनी केला आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी विठ्ठल हा शब्द विष्णु या नावाच्या कानडी अपभ्रंशाशी जोडला. ग. ह. खरे यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या 'श्रीविठ्ठल आणि पंढरपूर' या ग्रंथात शिलालेख, मूर्ती आणि पुराणे यांची छाननी करून या विषयाला शास्त्रशुद्ध पाया घालून दिला, शं. गो. तुळपुळे यांनी प्राचीन मराठी कोरीव लेखांच्या संपादनात येथील लेखांना स्थान दिले, आणि रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात हा देव मुळात गवळी-धनगरांचा, गोधन राखणाऱ्या वनवासी लोकांचा असावा आणि पुढे त्याचे वैष्णवीकरण झाले असावे, असा सिद्धांत मांडला. धनगरांच्या उपासनेत आजही विठ्ठल आणि बिरोबा हे बंधू म्हणून जोडीने नांदतात, हा त्या सिद्धांताचा एक भक्कम आधार आहे. संतांनीही आपल्या देवाला कानडा म्हणताना संकोच मानला नाही, आणि कर्नाटकातील पुरंदरदासादी हरिदासांनी आपल्या पदांच्या मुद्रेत विठ्ठल हे नाव गुंफले. विद्वानांत मतभेद आहेत आणि ते राहतीलही. परंतु त्या सर्वांच्या निष्कर्षांतून एक गोष्ट समान निघते, की विठ्ठलाला कोणा एका वंशाची, भाषेची वा पंथाची मालमत्ता ठरविण्याइतका पुरावा कोणाच्याही हाती नाही.

ती मूर्तीही पाहण्यासारखी आहे. सुमारे पावणेचार फूट उंचीची, काळ्या पाषाणाची, दोन्ही हात कटीवर ठेवून विटेवर समचरण उभी असलेली. मस्तकी उंच टोपीसारखा मुकुट, ज्यास भाविक शिवलिंग मानतात. कानी मत्स्याकृती कुंडले, एका हाती शंख, दुसऱ्या हाती कमळाचा देठ. हाती शस्त्र नाही आणि अभयाची वा वराची मुद्राही नाही; पुंडलीक मातापित्यांची सेवा आटोपून येईपर्यंत थांबून राहिलेल्या पाहुण्याची ही मुद्रा आहे, अशी परंपरेची सांगी आहे. या मूर्तीला प्रवासही पुष्कळ घडला. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने ती आपल्या राजधानीत नेली आणि एकनाथांचे पणजे भानुदास यांनी ती परत आणली, अशी कथा सर्वश्रुत आहे, आणि हंपीचे भव्य विठ्ठलमंदिर त्या राजघराण्याच्या विठ्ठलभक्तीची साक्ष देत अजून उभे आहे. १६५९ साली अफझलखानाच्या स्वारीत पंढरपुरास उपद्रव झाला. पुढे १६९५ पासून सुमारे चार वर्षे औरंगजेबाची छावणी मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीस भीमाकाठी पडलेली असता देवाला देगावसारख्या आसपासच्या खेड्यांत दडवून ठेवावे लागले. अशा प्रसंगी देवास सांभाळले ते विठ्ठलाच्या सेवेचे वंशपरंपरागत हक्कदार असलेल्या बडव्यांनी आणि खेड्यापाड्यांतील साध्या माणसांनी. ज्यांच्याविषयी पुढे तक्रारींचे गठ्ठे साचले, त्या बडव्यांच्या पूर्वजांचे हे ऋण इतिहासाने मान्य केलेच पाहिजे.

राजे आले आणि गेले; क्षेत्राला वाणी दिली ती संतांनी. नामदेव येथेच वाढले, आणि महाद्वाराच्या ज्या पायरीखाली त्यांनी आपल्या कुटुंबीयांसह समाधी घेतली असे मानतात, ती नामदेव पायरी ओलांडताना आजही वारकरी तिच्यावर पाय ठेवीत नाही, माथा ठेवतो. तिच्या समोर, देवळाच्या बाहेर, चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा १३३८ साली गतप्राण झाले, आणि त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपुरास आणल्या, अशी परंपरा आहे. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या जनाबाईच्या संसाराच्या खुणा म्हणून जाते वगैरे वस्तू गोपाळपुरास दाखवितात. मंगळवेढ्याच्या गणिकेची कन्या कान्होपात्रा, बादशहाच्या मागणीतून सुटण्यासाठी देवाच्या पायी येऊन प्राण सोडती झाली, तिचे स्थान मंदिराच्या आवारातच आहे. शिंपी, महार, गणिकाकन्या यांची स्मारके देवळाच्या उंबरठ्याशी आहेत, आणि राजांची नावे मात्र शोधून वाचावी लागतात. क्षेत्राच्या रचनेतच हा निवाडा झालेला आहे.

मराठेशाहीत, विशेषतः पेशवाईच्या उत्तरार्धात, गावाला आजचे रूप आले. इनामे आणि सनदा मिळाल्या, नदीकाठी घाट बांधले गेले, सरदारांनी वाडे उठविले. अहल्याबाई होळकरांचा वाडा आणि त्यातील राममंदिर, शिंद्यांचे द्वारकाधीशाचे देवालय ही त्या काळची ठळक स्थळे होत. गल्लीगल्लीतील मठांचाही त्यांच्या जोडीने उल्लेख करावयास हवा, कारण निरनिराळ्या फडांचे आणि जातिजमातींचे हे मठ म्हणजेच यात्रेच्या दिवसांतील खरी वस्ती. राजकारणाचे रक्तही या भूमीवर सांडले: १७७४ साली पंढरपूरजवळ कासेगावी रघुनाथरावाशी झालेल्या झुंजीत पेशवाईचे सेनानी त्रिंबकरावमामा पेठे पडले, आणि २० जुलै १८१५ रोजी बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा देवदर्शनाहून परतताना येथे खून झाला. त्या खुनाचा आळ पेशव्यांच्या मर्जीतील कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला, आणि तीन वर्षांत पेशवाईच बुडाली.

प्रथमच जाणाऱ्याने स्थळे कोणत्या क्रमाने पाहावीत, हे वारकऱ्यांच्या वहिवाटीने ठरवून दिलेले आहे, आणि तो क्रम अर्थपूर्ण आहे. आधी चंद्रभागेचे स्नान. मग वाळवंटातच पुंडलिकाचे दर्शन, कारण देव ज्याच्यासाठी थांबला त्यास आधी भेटावे. पुंडलिकाचे हे मंदिर म्हणजे वस्तुतः शिवलिंग, त्यावर पितळी मुखवटा, आणि त्याची पूजा महादेव कोळ्यांकडे. पावसाळ्यात पूर आला की पाणी मंदिरात शिरते आणि लांबून शिखर तेवढे दिसते. तेथून महाद्वार घाट चढून नामदेव पायरी आणि चोखोबा. आत मुक्तिमंडप, त्यापुढे सोळा खांबांचा सोळखांबी मंडप, त्यातील धातूच्या पत्र्याने मढविलेला गरुडखांब, ज्यास मिठी मारून भाविक पुढे सरकतो. नंतर चौखांबी, आणि मग गाभारा, जेथे कोणत्याही जातीच्या माणसाला देवाच्या पायांवर प्रत्यक्ष डोके ठेवता येते. मागील बाजूस रुक्मिणीचे मंदिर निराळे आहे, कारण ती देवावर रुसून दिंडीरवनात येऊन बसली आणि देव तिची समजूत काढण्यासाठी मागोमाग आला, अशी कथा. लखूबाईचे देऊळ त्या दिंडीरवनाची आठवण जागविते. गावाबाहेर भीमा आणि पुष्पावती यांच्या संगमाजवळ गोपाळपूर आहे, जेथे पौर्णिमेस गोपाळकाल्याने वारीची सांगता होते. आणि नदीतील खडकावर विष्णुपद, जेथे श्रीकृष्णाच्या आणि गाईंच्या पावलांचे ठसे दाखवितात. आषाढीच्या दिवसांत ज्याला दर्शनाच्या बारीत तासन्‌तास उभे राहणे शक्य नसते, तो नामदेव पायरीवरून कळसाला हात जोडून परत फिरतो, आणि त्याची वारी पुरी झाली असे समाज मानतो.

क्षेत्राच्या कारभाराचा इतिहास हा या आढाव्यातील कठीण भाग. विठ्ठलाकडे बडवे, रुक्मिणीकडे उत्पात, आणि त्यांच्या जोडीला पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे असे सात सेवाधारी. काकडआरतीपासून शेजारतीपर्यंतचा नित्योपचार यांच्यांत वाटलेला होता, आणि सेवेचा हा वाटा पिढ्यांच्या ओघात हक्काचा, हक्काचा वतनाचा, आणि वतनाचा उत्पन्नाचा होत गेला. उत्पन्नाच्या बाऱ्यांचे लिलाव, दक्षिणेसाठी यात्रेकरूंची अडवणूक, आपापसांतील दावे यांनी कचेऱ्यांची दप्तरे भरली. याच गावात एकोणिसाव्या शतकात दुसऱ्या प्रकारची सेवाही उभी राहिली, हे विसरता येत नाही: १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने आणि प्रार्थना समाजाच्या आश्रयाने येथे टाकलेल्या अर्भकांसाठी आणि समाजाने अव्हेरलेल्या मातांसाठी बालकाश्रम निघाला. यात्रेच्या गर्दीचा आडोसा घेऊन ज्या विधवांना पंढरपुरास आणून सोडीत, त्यांच्यासाठी या गावात प्रथमच एक दार उघडले. संत गाडगेबाबांनी पुढे चोखामेळ्याच्या नावाने अस्पृश्य यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली. हातात खराटा घेऊन त्यांनी वाळवंट झाडले आणि रात्री त्याच वाळवंटात कीर्तन केले.

चोखोबांच्या समाधीपुढचे दार मात्र सहाशे वर्षे बंदच होते. १९४७ सालच्या आरंभी साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा काढून हरिजनांना विठ्ठलमंदिर मोकळे करण्याविषयी जनमत जागविले, आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभिले. दहा दिवसांनी बडव्यांनी मान तुकविली आणि दार उघडले. स्वातंत्र्य त्यानंतर तीन महिन्यांनी आले. माझ्या मते पंढरपूरच्या मध्ययुगाची समाप्ती येथे झाली. कारण जो निवाडा संतांनी उंबरठ्याबाहेर दिला होता, त्याची अंमलबजावणी गाभाऱ्यात व्हावयास एवढा काळ लागला. कारभाराचा प्रश्न त्यानंतर कायद्याने सोडविला. नाडकर्णी आयोगाच्या चौकशीनंतर १९७३ साली पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला, बडवे, उत्पात आणि सेवाधारी यांचे वंशपरंपरागत हक्क त्याने संपविले, १९८५ मध्ये कारभार समितीकडे गेला, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हक्कांचा दावा अखेरचा निकालात काढला. त्याच वर्षी मंदिर समितीने जातीची किंवा स्त्री-पुरुष भेदाची अट न घालता पुजाऱ्यांच्या जागांसाठी अर्ज मागविले.

आता ज्यांच्यामुळे हे सारे टिकले, त्या चालणाऱ्यांविषयी. वारी ज्ञानदेवांच्याही आधीची. पण पालख्यांची आजची रीत अलीकडची. तुकोबांचे पुत्र नारायणबोवा यांनी १६८५ च्या सुमारास पालखी सोहळा सुरू केला. आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, शिंदे सरकारच्या चाकरीतून निवृत्त झालेले साताऱ्याकडील आरफळचे हैबतबाबा यांनी अंकलीच्या शितोळे सरदारांच्या साहाय्याने ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीला स्वतंत्र सोहळ्याचे रूप दिले. घोडे, जरीपटका, चोपदार, रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक, हे लष्करी शिस्तीचे संस्कार त्यांच्याकडून आले. आळंदीहून निघून पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत पालखी वाखरीस पोहोचते. सायंकाळच्या समाजआरतीत ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती, सर्वांचे टाळ थांबल्यावरही, आपले टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याजवळ जातो, म्हणणे ऐकतो, निवाडा होतो आणि मग ते टाळ शांत होतात. हक्काच्या भांडणांनी ज्या क्षेत्राची दप्तरे फुगली, त्याच क्षेत्राकडे जाणाऱ्या लाखो माणसांचा कारभार रोज संध्याकाळी एवढ्या थोड्या साधनांनी चालतो, हे मला वारीतील सर्वांत थोर दृश्य वाटते.

आजचे पंढरपूर या येणाऱ्यांवरच जगते. बुक्का, तुळशीमाळा, टाळ-चिपळ्या, चुरमुरे, बत्तासे यांची दुकाने, मठ, धर्मशाळा, आणि नदीपलीकडे दिंड्यांच्या मुक्कामासाठी राखलेली पासष्ट एकरांची जागा, हा सारा संसार वर्षातील चार वाऱ्यांभोवती फिरतो. बार्शी लाइट रेल्वेची चिंचोळी गाडी १९०६ साली येथवर आली, आता रुंद मार्ग आला आहे. तरी पायी येणारा थांबलेला नाही. चिंता आहे ती नदीची. भीमेवर उजनीचे धरण झाल्यापासून चंद्रभागेचा प्रवाह धरणाच्या पाण्यावर अवलंबून आहे. आषाढीच्या स्नानासाठी पाणी सोडावे लागते, आणि एरवी वाळवंटात सांडपाण्याची डबकी दिसतात, त्यांच्याकडे पाहवत नाही. ज्या क्षेत्रावर कोणा एकाची मालकी नाही, त्याची देखभालही कोणा एकाचे कर्तव्य राहत नाही, हा धोका खरा आहे. २०२४ मध्ये मंदिराच्या संवर्धनाचे काम सुरू असताना गाभाऱ्यातील चांदीचे मढविलेले पत्रे उतरविण्यात आले आणि मूळचा काळा पाषाण पुन्हा दिसू लागला. त्याच कामात एक तळघर उघडकीस येऊन त्यातून जुन्या मूर्ती मिळाल्या. दगड उघडा केला, तसे नदीलाही मूळ रूप द्यावे, हे काम पुढच्या पिढीने नव्हे, आपणच अंगावर घ्यावयास हवे.

आषाढी एकादशीच्या पहाटे शासकीय महापूजा होते. त्या दिवसांत देवाचा पलंग काढून ठेवलेला असतो, कारण भक्तांची रीघ सरेपर्यंत देवाने निजावयाचे नसते. पूजेस राज्याचे मुख्यमंत्री सपत्नीक बसतात, आणि दर्शनाच्या बारीत त्या वेळी सर्वांत पुढे असलेले वारकरी जोडपे मानाचे वारकरी म्हणून त्यांच्या शेजारी बसते. ते जोडपे कोठल्या गावचे, कोणत्या जातीचे, हे आदल्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. हे दृश्य पाहिले की मला झिजलेल्या अक्षरांची ती शिळा आठवते. तेथेही राजा होता, आणि त्याच्याखाली त्याच टाकीने कोरलेले दाते होते. पंढरी कोणाची, या प्रश्नाला त्या शिळेने दिलेले उत्तर सरळ आहे: ज्याने तिला काही दिले, त्याची. कोणी गाव दिले, कोणी दाम दिले, कोणी दहा दिवसांचे उपोषण दिले; आणि ज्याच्यापाशी देण्यास दुसरे काहीच नव्हते, त्याने दरवर्षी अडीचशे किलोमीटरांची पावले दिली. त्या यादीत आपले नाव कोणत्या ऐवजाने लागणार, एवढाच प्रश्न आता उरतो. आणि चंद्रभागेच्या काठी उभे राहिले, म्हणजे त्याचे उत्तर पायांशीच वाहताना दिसते.